घरची वाईन आणि यजमानाची जबाबदारी

"लेक माझी, अंगण माझं, वाईनसुद्धा मीच गाळलेली, आणि ती ओतायला परकं माणूस?" अल्डो बेरेनाटोने फोन ठेवला आणि तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागला.

न्यू जर्सीतल्या त्यांच्या गावात ब्लूबेरीच्या मळ्यांइतकीच अल्डोची वाईन प्रसिद्ध होती. थोरल्या लेकीने, जियानाने, हॉल सोडून घरच्या अंगणात लग्न करायचं ठरवलं, तेव्हाच त्याने तळघरातली उत्तम पिंपं निवडून ठेवली होती. आणि आज विमा कंपनीने सांगितलं, "घरच्या विम्यावर विसंबू नका. पाहुणा तुमच्याकडे पिऊन गेला आणि वाटेत अपघात झाला, तर तुम्हालाही कोर्टात खेचतील. लग्नापुरता वेगळा विमा घ्या आणि परवानाधारक बारटेंडर नेमा."

"लग्नघरात अपघाताच्या गोष्टी! अपशकुन नाही तर काय?" अल्डो कुरकुरला.

थोरली बहीण फिलोमिना ओट्याशी बदामाची बिस्किटं वळत होती. तिने मानही वर केली नाही. "अंगणात तंबू घालतोयस ना? तो पाऊस यावा म्हणून?"

"ताई, हे सगळे आपलेच लोक आहेत गं!"

"म्हणूनच सांगते. उद्या काही झालं तर विमा पैसे भरेल. पण तुझा दोस्त नुन्झिओ गेला, तर कंपनी दुसरा नुन्झिओ पाठवणार आहे का? विमा घे, आणि पेल्यावर लक्ष ठेवणारं माणूसही ठेव."

"बाबा, माझ्यासाठी!" दारात उभी असलेली जियाना म्हणाली. अल्डोने तोंड फुगवून का होईना, दोन्ही केलं.

लग्न दृष्ट लागण्यासारखं झालं. बारटेंडर रेजिना हसतमुख होती, पण पक्की! अल्डोचा बालमित्र नुन्झिओ झोकांड्या देत पुन्हा आला, तेव्हा तिने पेल्याऐवजी कप पुढे केला. "काका, आता कॉफी घ्या."

नुन्झिओ भर अंगणात ओरडला, "अरे अल्डो, बाटलीला पहारेकरी बसवलास की काय? मित्राने आता परवानगी काढून प्यायची?"

लोक हसले. अल्डोच्या वर्मी लागलं. त्याने नुन्झिओचा हात धरला, त्याला तळघरात नेलं, आणि दोघांचे पेले काठोकाठ भरले. त्यावर एक, मग आणखी एक.

केक कापून झाला होता. एवढ्यात फाटकाकडून कुंड्या फुटल्याचा आवाज आला. अल्डो धावला. नुन्झिओची गाडी मागे येता येता कुंड्यांवर चढून थांबली होती, आणि त्याच्या शेजारी, मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन, अल्डोची म्हातारी आई बसली होती!

"अल्डो, मी दमले रे. नुन्झिओ सोडतोय मला," आई कौतुकाने म्हणाली. "गुणी पोर आहे हो!"

अल्डो गाडीपाशी झेपावला. त्याने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

"माझ्यावर भरवसा नाही तुझा?" नुन्झिओ दुखावला.

"तुझ्यावर आहे रे! माझ्या वाईनवर नाही. रेजिनाने तुला थांबवलं होतं, आणि मी, तुझा मित्र, तुला चोरून पाजली, स्वतःही प्यायलो!" अल्डो किल्ली मुठीत आवळत म्हणाला. "आज तुम्ही दोघंही माझ्यामुळे गेला असतात!" नुन्झिओने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

आईने दोघांकडे पाहिलं. "म्हणजे तूही प्यायलायस. मग मला सोडणार कोण, पाद्री?"

फिलोमिना थेंबही प्यायली नव्हती. तीच आईला घेऊन गेली. नुन्झिओला अल्डोने आपल्या पलंगावर झोपवलं, आणि मग तो सरळ रेजिनासमोर जाऊन उभा राहिला.

"पोरी, चुकलो. तुझ्या पाठीमागून तळघर उघडलं मी." त्याने तळघराची किल्ली तिच्यासमोर ठेवली. "आता ही तुझ्याकडे. आणि मलाही कॉफीच दे."

मंडळी, घरचं कार्य आहे म्हणून आपण नियम सैल करतो, "घे रे, आपलंच घर आहे" म्हणत आग्रह करतो. विमा जरूर घ्यावा. पण तो नुकसान भरून देतो, माणूस परत देत नाही. पेला भरण्यात कसला आलाय मोठेपणा! पाहुणा धडधाकट आपल्या उंबऱ्याशी पोचला, तरच पाहुणचार पुरा झाला म्हणायचा.