फ्लोरा परत फिरली

बातमी आली त्या दुपारी मी अंगणात कॉफी भाजत होते. रेडिओनं सांगितलं, फ्लोरा नावाचं चक्रीवादळ हैती उद्ध्वस्त करून क्यूबाकडे निघालंय. "बाईचं नाव आहे, आरडाओरडा करून जाईल," माझा नवरा एवेलिओ म्हणाला.

"आमच्यासमोर म्हणालास ते ठीक," सासूबाई म्हणाल्या, "तिच्यासमोर म्हणू नकोस."

काउतो नदीच्या सखल खोऱ्यात प्रत्येक शेतावर वादळासाठी एक झोपडी असे. भिंती नाहीत, ताडाच्या पानांचं छप्पर थेट जमिनीला टेकलेलं, म्हणजे वारा वरून निघून जाई. सासूबाई, आमची लहानगी दुल्से आणि मी आत शिरलो. बैल सोडायला गेलेला एवेलिओ शेवटी आला, त्यानं दार आतून दोरानं बांधलं आणि मिट्ट काळोखात माझा हात धरून बसला.

वारा पडला. सुटलो असं वाटतंय तोच तो उलट्या दिशेनं आला.

"काहीतरी विसरली असेल," सासूबाई पुटपुटल्या.

पाऊस थांबेना. आधी जमीन ओली झाली, मग पाणी चढू लागलं. मी म्हणाले, "टेकडीवर जाऊ या."

"या छपराखाली आजवर कुणी मेलं नाही," एवेलिओ म्हणाला. "बस."

वाऱ्यापुरतं ते खरंच होतं.

पाणी दुल्सेच्या गुडघ्यांना लागलं तेव्हा बाहेरून एवेलिओची हाक आली. "निएवेस, दार उघड. नदी आलीय."

माझा हात धरलेला हात हलला नाही. इतक्या पाण्यात तो कोरडा होता, हे मला तेव्हा जाणवलं.

"आई, ऐकलंत?"

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "आत कोण, बाहेर कोण, ते नंतर बघू. पाणी खरं आहे. पोरीला उचल."

मी हात सोडवून घेतला आणि दोर सोडला. बाहेर एवेलिओ कमरेइतक्या पाण्यात उभा होता. दुल्सेला खांद्यावर घेऊन तो पुढं झाला. टेकडीवर पोचल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, बैल सोडायला गेलो तो ओढ्यापलीकडे अडकलो, आत्ता येतोय. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. नंतर मरेपर्यंत त्यांनी त्याला एकदाही नावानं हाक मारली नाही.

पूर ओसरला तेव्हा झोपडी छपरासकट गाळाखाली गेली होती. शेजारी कुदळी घेऊन आले. आत काही नाही, असं म्हणून एवेलिओनं त्यांना परत पाठवलं आणि त्या जागी केळी लावल्या. चांगला नवरा होता तो. गेल्या वर्षी आम्ही त्याला पुरलं.

केळींखाली खणून पाहायचं राहिलंच आहे.