काकांच्या दंडावरचा खरा आकडा

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. माझ्या बटणावरची खूण पुसली आहे, दंडाची पट्टी कडेला विरली आहे. तरी मित्रांनो, मी अजून खरंच बोलतो.

कारखान्यात मला जोडलं, तपासलं आणि खोक्यात निजवलं. तिथून मी आलो सलूनवाल्या काकांच्या घरी. काकांना मोतीबिंदू झाला होता. गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवताना हात थबकायचा. पण रक्तदाब फार चढलेला दिसल्याने डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. "आठवडाभर घरी मोजा, मग ठरवू," त्या म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी काका जिना चढून आले, बाहीवरूनच पट्टी गुंडाळली, पायावर पाय टाकला आणि गप्पा सुरू! आकडा भलताच चढला.

"हे डबडं बिघडलंय. टाका माळ्यावर!"

मला फार लागलं. पण काकूंनी मला माळ्यावर जाऊ दिलं नाही. चष्मा लावून त्यांनी खोक्यातला कागद शेवटपर्यंत वाचला.

"उद्यापासून सकाळ-संध्याकाळ नेम. चहा नंतर, लघवी आधी. पट्टी उघड्या दंडावर, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. आणि आधी पाच मिनिटं तोंड बंद."

"अगं, माझं दुकान तोंडावर चालतं!"

"दुकान डोळ्यांवर चालतं. बसा."

काका बसले. आकडा उतरला, पण पुरता नाही. मिनिटभराने पुन्हा मोजला. किंचित कमी आला.

"हाच सांगू डॉक्टरबाईंना," काका हळूच म्हणाले.

"दोन्ही सांगायचे. तुम्हाला ऑपरेशनच्या टेबलावर निजवणार आहेत, मला नाही!"

नेम एकदाही चुकला नाही. डॉक्टरबाईंनी मला आपल्या यंत्राशी ताडून पाहिलं, माझे सगळे आकडे वाचले आणि काकांची रक्तदाबाची गोळी बदलली. पुढे आकडे खाली आले, शस्त्रक्रिया झाली.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, अधूनमधून दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून घ्या. आणि आकडा आवडला नाही म्हणून माझ्यावर रुसू नका. तो डॉक्टरांना सांगा.

आज सकाळचीच गोष्ट. पट्टी फुगत होती, तेवढ्यात खालून गिऱ्हाईक ओरडलं, "काका, येताय ना?"

काका हूं की चूं करेनात. काकूच खिडकीतून म्हणाल्या, "थांबा जरा. मोजतायत."