इस्त्याचं उष्टं

"आखरावरच्या शेनाले हात लावशीन त हात मोडून गळ्यात बांधीन," असं रुखमा म्हणाली तेव्हा हरिदासाचं टोपलं अर्धं भरून झालं होतं.

दसरा होऊन चारच दिवस झाले होते. पाऊस उघडला होता. वावरातली काळी माती अजून पायाला चिकटत होती, पण वर ऊन कसं खणखणीत पडलं होतं. गवऱ्या थापायचे दिवस हेच. पावसाचे चार महिने एक गवरी वाळत नाही, म्हणून रुखमा या उन्हाची वाट पाहून राहिलेली असायची. आणि नेमकं पहिल्याच दिवशी मालगुजाराचा सालगडी टोपलं घेऊन तिच्या आधी आखरावर हजर.

आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा. सकाळी गावची सारी ढोरं तिथं जमतात, मग गायकी त्यांना रानात चारायला नेतो. केळझराजवळच्या या वडझरीचा गायकी पुनाजी गोवारी, आणि रुखमा त्याची बायको. गायक्याला वर्षाकाठी जनावरामागं पायलीभर जवारी, आणि आखरावर पडलेलं शेण. जवारी होळीपर्यंत पुरायची. पुढचं सारं वर्ष गवऱ्यांवर. रुखमा गवऱ्या थापायची, वाळवायची, घराच्या मागं त्यांचा पुरुषभर उंच हुडवा रचायची आणि घरोघरी टोपलंभर गवऱ्या देऊन पीठ, डाळ, तेल आणायची. पुनाजीच्या आजापासून हे असंच चालत आलं होतं.

हरिदास खाली मान घालून म्हणाला, "काकू, मले काऊन शिव्या देऊन राह्यली? मी त हुकमाचा ताबेदार. पंचायतीत ठराव झाला. आखर पंचायतीचं, त शेनबी पंचायतीचं. सारं ग्यासच्या खड्ड्यात टाकाचं हाय."

"अन् ढोरं कोन चारते? पंचायत?"

"थे मले काय माईत."

"तुले काई माईत नसते. टोपलं तेवढं भरता येते."

पुनाजी काठीला टेकून उभा होता. साधा माणूस, सव्वाशे ढोरं एका हाळीत वळवायचा, पण माणसापुढं त्याचा आवाज निघत नसे. तो म्हणाला, "जाऊ दे वं रुखमे. मालकाले इचारू." हरिदास टोपलं डोक्यावर घेऊन निघून गेला.

या ठरावाची मेख मृगाच्या आधीच ठोकली गेली होती. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन पाच वर्षं झाली, तरी गाव बाबारावला मालगुजारच म्हणायचं, आणि सरपंचही तोच. सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नाही. त्यानं वर्ध्याहून मधू नावाचे एक खादीवाले कार्यकर्ते बोलावले. ते सायकलीवरून आले, चावडीच्या भिंतीवर त्यांनी तक्ता टांगला आणि गाव जमवून समजावून सांगू लागले. माणूस चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलायचं.

"शक्ती दोन प्रकारची," ते म्हणाले. "एक सरणारी. दगडी कोळसा, घासलेट. जमिनीतून काढलं, जाळलं, संपलं. दुसरी परत येणारी. ऊन, वारा, वाहतं पाणी, झाडाचं लाकूड, कपाशीची पऱ्हाटी, बैलाचा खांदा, गाईचं शेण. ही दरसाल परत येते."

लक्ष्मणराव नावाचा एक म्हातारा कास्तकार मागून बोलला, "मंग आमच्या गोऱ्ह्याची लाथ कोन्त्या खात्यात टाकता भाऊ? थे त दररोज परत येते."

चावडी हसली. मधूही हसले. मग त्यांनी सांगितलं की शेण जाळणं म्हणजे घरचं खत जाळणं. तेच शेण पाण्यात कालवून टाकीत कोंडलं तर त्यातून गॅस निघतो. त्यावर चूल पेटते, दिवा लागतो, आणि उरलेला रेंदा वावरात खत म्हणून जातो. एका शेणाचे दोन उपयोग. आज ते सारं फुकट जातं.

बायांच्या घोळक्यातून रुखमानं विचारलं, "फुकट कोनाचं जाते भाऊ?"

मधूंना कळलं नाही. ते म्हणाले, "गावाचं, बाई." आणि तक्त्याकडे वळले.

जळणाची प्रतवारी रुखमालाही ठाऊक होती, फक्त तिला कोणी तक्ता टांगायला सांगितलं नव्हतं. तुराटी चूल पेटवायला. पऱ्हाटीचा जाळ भडक आणि पोकळ, भाकरीपुरता. बाभळीचा निखारा रात्रभर टिकतो. पळसाचा नुसता धूर. आणि गवरी धीराची; दूध तापवायला, बाळंतिणीला शेकायला, आणि शेवटी मसणात. यातलं कोणतं जळण कोणाच्या हातून येतं, हेही तिला ठाऊक होतं. तक्त्यावर तेवढंच नव्हतं.

टाकी बाबारावच्या अंगणात बांधली गेली, कारण विहीर तिथं. नळी त्याच्या सैपाकघरात गेली, कारण ते जवळ. चावडीवर गावासाठी म्हणून एक दिवा लागला.

हरिदासानं आखरावरचं शेण नेलं त्याच दिवशी रुखमा बाबारावच्या घरी गेली. मागच्या दारानं गेली, म्हणून आधी सैपाकघर लागलं. तिथं बाबारावची सून इंदिरा दूध तापवत होती. चुलीत लाकूड नाही, धूर नाही. लोखंडी शेगडीवर निळी फुलं फुलावी तसा जाळ. रुखमा उंबऱ्याशीच थांबली.

"ये ना रुखमामावशी. पाहा," इंदिरा म्हणाली. "लग्न होऊन आली तवापासून डोये गयत होते माहे. आता दोन महिने झाले, एक डाव पान्यानं भरले नाईत."

रुखमाला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तिचेही डोळे तीस वर्षं चुलीपुढं गळत होते. सांज झाली की समोरचं माणूस धुक्यात दिसायचं. असला जाळ आपल्या घरी असता तर, असं तिच्या मनात आलं, आणि मग मात्र तिला स्वतःचाच राग आला.

ओसरीवर बाबाराव सुपारी कातरत बसला होता. तिचं ऐकून तो म्हणाला, "रुखमा, जमाना बदलून राह्यला. गावासाठी थोडं सोसा लागते. रानात ढोरं जाते ना दिवसभर? तिथचं शेन उचल की. मी कुठी नाई म्हनतो?"

"रानातलं शेन कोसभर पांगते मालक. किती गोया होईन?"

"मेहनत कराची."

रुखमा आली तशी मागच्या दारानं परत निघाली. तीस वर्षं शेणात हात घातलेल्या बाईला तो मेहनत करायला सांगत होता.

मग पंधरा दिवस ती ढोरांमागं रानात हिंडली. शेण पडे नाल्यात, झुडपात, काट्यात. दिवसभरात दोन टोपली, तीही भुंगेऱ्यांनी अर्धी पोखरलेली. सेलूच्या वाटेवर बैलगाड्यांमागं चालूनही पाहिलं. तिथं आधीच दुसऱ्या गावच्या बाया होत्या. त्यांनी हाकलून लावलं. घरामागचा जुना हुडवा कमरेपर्यंत उतरला, मग गुडघ्यापर्यंत. दारोदारीच्या बाया विचारायच्या, "गवऱ्या आनल्या नाई वं?" आणि रुखमा रिकामं टोपलं काखेत धरून म्हणायची, "आनते माय, आनते." पीठ उसनं मागायची तिच्यावर पहिल्यांदा पाळी आली. जवारी तर होळीच्या आधीच सरणार होती.

"पुढं कसं कराचं वं?" पुनाजी विचारायचा.

"मले काय इचारता? तुमी मरद ना घरचे?"

आणि मग बोलून गेली म्हणून तिलाच वाईट वाटायचं.

दिवाळी आली. पाडव्याला गायगोधन. वर्षातला हा एक दिवस ढोरं राखणाऱ्या गोवाऱ्याचा. आखरावर शेणाचं मोठं गोधन रचायचं, झेंडूनं सजवायचं, मोरपिसांची ढाल नाचवायची, आणि गावची सारी रंगवलेली ढोरं त्यावरून न्यायची. मग ते शेण कपाळाला लावून लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. त्याशिवाय पुढलं वर्ष ढोराला मानवत नाही, असं वडझरी मानते. बाबारावची आई सुलोचनाबाई तर सगळ्यात जास्त मानते.

सकाळी गाव जमलं. ढोरं शिंगं रंगवून आखराच्या कडेला उभी. डफ वाजू लागला. आणि आखराच्या मधोमध काहीच नव्हतं. रुखमा रिकाम्या टोपल्याशेजारी बसली होती.

बाबाराव पुढं आला. "पुनाजी, गोधन कुठी हाय?"

पुनाजीनं बायकोकडं पाहिलं. रुखमा उठली. तिचा आवाज चढला नाही.

"गोधनाचं शेन आठ दिवस आधीपासून सांचवा लागते, मालक. आठ दिवसाचं शेन खड्ड्यात गेलं. मी काय रचू?"

"मंग काल सांगाचं ना."

"काल मले कोनी इचारलं? ठरावाच्या दिवशी तरी इचारलं?"

लोक कुजबुजू लागले. बाबाराव चिडला, पण सणाच्या दिवशी गावापुढं चिडून भागत नाही. त्यानं हरिदासाला हाक मारली. "जा रे, खड्ड्याच्या तोंडातला रेंदा आन चार टोपले. शेनच हाय थे."

हरिदास आणि आणखी दोघांनी रेंदा आणला. वाटेनं निथळत आला तो. आखरावर ओतला तर पसरतच गेला, रचायचं म्हटलं तरी उभा राहीना. पुनाजीनं हातानं सावरून पाहिला. तो बोटांतून ओघळला.

सुलोचनाबाई काठी टेकत पुढं आल्या. ऐंशी वर्षांची बाई. वाकून त्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं.

"बाबा, हे कायचं शेन?"

"आपल्याच टाकीतलं, माय."

"याच्यातून तुमी इस्तो काढून घेतला ना? सून त्याच्यावर दूध तापोते ना?"

"हो."

"मंग हे इस्त्याचं उष्टं झालं. इस्त्यानं खाऊन टाकलेलं देवाले चढोतं का तू? त्याच्यावरून माह्या गाई नेतं?"

आखरावर डफसुद्धा थांबला. लक्ष्मणरावनं आपल्या गाईचं दावं मागं ओढलं. एकानं ओढलं तसं चौघांनी ओढलं. "आमची ढोरं त नाई जात या रेंद्यावरून," कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच तसं म्हणू लागले.

बाबारावनं आईकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं. मग म्हणाला, "ठीक हाय. ठराव मोडला. आखराचं शेन गायक्याचं. रच गोधन रुखमा."

रुखमानं टोपलं उचललं. ढोरं सकाळपासून उभीच होती, त्यांच्या पायांखाली ताजं शेण पडलं होतं. ते तिनं हातानं गोळा केलं आणि दरवर्षीपेक्षा लहान, पण कसलेलं गोधन रचलं. झेंडू खोवले. ढोरं गेली. सुलोचनाबाईंनी स्वतः तिच्या कपाळाला शेण लावलं तेव्हा रुखमाला रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. पुनाजी तर त्या दिवशी ढाल घेऊन असा नाचला की लोक म्हणाले, याच्या अंगात आलं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आखरावर गेले. ऊन वर आलं, तरी ढोरं येतच होती, येतच होती, आणि मग यायची थांबली. पुनाजीनं पुन्हा मोजलं. सव्वाशेतली साठ.

बाबारावची पंचेचाळीस आली नव्हती. त्याच्या चुलतभावांची वीसही आली नव्हती. ती सारी आता गोठ्यातच बांधलेली राहणार होती. चारा दावणीला, शेण सरळ टाकीत. पासष्ट पायल्या जवारीही त्यांच्याबरोबर गेली. ठराव मोडला होता. आखराचं शेण गायक्याचं झालं होतं. आखरावर आलंच नाही तर कोणाचं, ते कोणी विचारलं नव्हतं.

पुनाजी दगडावर बसला. "रुखमे, आपुन जितलो का हारलो वं?"

तेवढ्यात हरिदास आला. दुरूनच उभा राहिला. टोपलं नव्हतं त्याच्याजवळ.

"काकू, मालकानं निरोप देल्ला. गोठ्यात शेन कालवाले बाई पाह्यजे. रोज सकाय-सांज. दोन टाइम जेवन अन् लुगडं. तू येशीन त पह्यलं तुलेच ठेवतो म्हने."

रुखमानं काखेतलं टोपलं खाली ठेवलं. आपलंच शेण, दुसऱ्याच्या टाकीत, आपल्याच हातानं कालवायचं. घरात पीठ चार दिवसांचं होतं. हुडव्यात गवऱ्या तेवढ्याच. नकार द्यायचा तर तिच्याजवळ साठ ढोरांच्या शेणापलीकडं आधार नव्हता.

"मालकाले सांग," ती म्हणाली, "रुखमा आपलं आखर उचलून राह्यली, सध्या फुरसत नाई. भेटलीच फुरसत, त पाहू."

हरिदास गेला. रुखमानं पदर खोचला.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "उन्हं चढले का शेन वायते."

आणि पहिल्या गाईच्या मागं ती वाकली.