चांगला कान

अकबर हवालदारांचा डावा कान तोफखान्यातच गेला. सगळी नोकरी तोफेशेजारी उभं राहून काढल्यावर दुसरं काय होणार? उजव्यात जेमतेम जीव होता, आणि त्या कानात शब्द कसा घालायचा हे ठाऊक होतं एकट्या सुरय्याला, धाकट्या सुनेला. नवरा कायम ट्रकवर, त्यामुळे सासऱ्याचं सगळं तीच बघायची. लग्न होऊन आल्यापासून ती त्या कानात ओरडत होती. "अब्बा, जेवायला चला! अब्बा, गोळी घ्या!" हायवेवरच्या द्वारका चौकातले हॉर्न परवडले, असं शेजारणी म्हणायच्या.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात अब्बांनी अंथरूण धरलं आणि एका दुपारी त्यांना श्वास लागला. थोरले दीर आले, चार वडीलधारे आले. रिवाजाप्रमाणे अब्बांना उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला किब्ल्याकडे करून निजवलं आणि दीर कानाशी वाकून कलमा म्हणू लागले. जाणाऱ्याच्या तोंडून शेवटचे शब्द तेच निघावेत, एवढीच सगळ्यांची धडपड. पण अब्बांचे ओठ काही हलेनात.

सुरय्या दाराशी उभी होती. तिला काहीच वाटत नव्हतं. रडू नाही, भीती नाही, नुसती बधिर झाली होती बिचारी. डोळे मात्र बघत होते. उजवी कूस म्हणजे चांगला कान उशीत! इतका वेळ सगळं चाललं होतं ते मेलेल्या कानात.

"भाईजान, त्यांना ऐकू जात नाहीये."

"वेळ काय, बोलतेस काय! गप उभी राहा."

"डाव्या कुशीवर घ्या त्यांना."

"आणि किब्ल्याकडे पाठ? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग खाट फिरवा. उशाचं पायथ्याला करा. डाव्या कुशीवर निजले तरी तोंड पश्चिमेलाच राहील."

अशी रीत कुणी पाहिली नव्हती. सुरय्याने ओढणी खोचली आणि सरळ खाटेचा पाय धरला, तेव्हा कुठे बाकीच्यांचे हात हलले.

दीर पुन्हा वाकले. "मोठ्याने," ती म्हणाली. त्यांनी आवाज चढवला. अब्बांचे डोळे किलकिले झाले. तुटक तुटक, पण सगळा कलमा त्यांनी म्हटला. दिरांना हुंदका फुटला.

सुरय्या खाटेशी बसली, तोंड कानाशी नेलं. आजवर नुसतं ओरडायचंच काम पडलं होतं. एकदा तरी सांगायचं होतं, अब्बा, माझा बाप होतात तुम्ही.

दिरांनी तिचा खांदा धरला. "नको, सुरय्या. तू बोललीस की ते उत्तर देणार. मग कलमा शेवटचा राहायचा नाही."

खरंच होतं ते. तिच्या हाकेला अब्बांनी ओ दिली नाही, असं कधी झालंच नव्हतं.

तिचा श्वास कानाला लागला असावा. अब्बांनी मान जराशी तिच्याकडे वळवली आणि वाट बघत राहिले. ती ओठ मिटून बसली. त्यांचा श्वास थांबला, तरी तशीच बसली. बायकांनी उठवलं तेव्हाही तिला रडू आलं नाही. घसा तेवढा दुखत होता.