भिंतीकडे तोंड

मित्रांनो, मी एक जुनी मारुती आठशे आहे. रंग पांढरा, म्हणजे होता. समुद्रपूरच्या हिरालाल कापडवाल्यांच्या पडवीत माझा मुक्काम. दोन वर्षं मी तिथे भिंतीकडे तोंड करून उभी होते, शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरीसारखी. रस्त्याची फार आठवण यायची हो!

माझा जन्म दूर हरियाणातल्या कारखान्यातला. फटफटीवर चौघं दाटीवाटीनं बसणाऱ्या घरांना परवडेल, अशी मला घडवली होती. मी गावात आले तेव्हा काय तो थाट! हळदकुंकू, हार, चाकाखाली लिंबू. कितीतरी नव्या नवऱ्या माझ्यातूनच सासरी गेल्या, माझ्या सीटा रडून ओल्या करून.

हिरालालजींनी बायकोला, सुलोचनाबाईंना, गाडी शिकवली ती गिरडच्या रस्त्यावर. बाईनं गाडी चालवायची म्हणजे तेव्हा गावभर चर्चा! बाई झकास शिकल्या, पण रिव्हर्स काही केल्या जमेना. हिरालालजी म्हणाले, "तू पुढचं पाह्यजो. मागचं मी पाहून घेतो." मग रोज संध्याकाळी ते मला उलटी आत घ्यायचे, सकाळी बाईंना माझं तोंड रस्त्याकडे मिळावं म्हणून.

शेवटच्या संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखत होतं. मला तशीच सरळ आत घातली. दवाखान्यात गेले ते परतलेच नाहीत.

पुढे घरात उंचपुरी नवी गाडी आली. माझ्या टपावर जुन्या गोण्या पडल्या. बाई मात्र रोज येऊन माझं स्टेअरिंग पदरानं पुसायच्या. मला वाटे, आज काढतील. पण मागे घेणारा माणूसच उरला नव्हता.

परवा मुलगा प्रफुल म्हणाला, भंगारवाल्याला बोलावलंय. बाई जेवल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "नेऊ दे बापा. पण एकदा तिचं तोंड रस्त्याकडे करून दे मले. गिरडले जाऊन येतो."

प्रफुलनं जवळच्या जाम गावाहून बॅटरी आणली, मला मागे काढून वळवली. मी खोकत खोकत का होईना, सुरू झाले. बाई स्टेअरिंगवर, तो शेजारी. गिरडची टेकडी दिसली तशा बाई रडू लागल्या, पण गाडी जराही डगमगू दिली नाही. मीही रडले असते, पण माझे वायपर कधीचेच गेलेत.

संध्याकाळी दारात आलो. बाई उतरून तडक घरात गेल्या, वळून पाहवेना त्यांना. प्रफुल सरकून स्टेअरिंगवर आला, मान मागे वळवली आणि हळूहळू मला उलटी आत घेतली.

मित्रांनो, नवं आणू नका असं मी कशाला म्हणू? पण जुन्याला ठेवाल, तर त्याचं तोंड रस्त्याकडे ठेवा.

आज सकाळी भंगारवाला आला, तेव्हा आम्ही दोघी घरी नव्हतो.