मनगटं
अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी धाकट्या लेकाला समजावून सांगितलं होतं, "नव्या संशोधनाप्रमाणे पेशंटला फार गुंगीत ठेवू नये, हातही बांधू नयेत. पण बाबा श्वासाची नळी उपटायला बघतात. घरचं कुणी त्यांचा हात धरून बसेल का?"

"मला दुकान आहे हो," तो म्हणाला होता. "बांधा खुशाल."

दुकान म्हणे! तिथं त्या आठवड्यात चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. नळ्या लावलेल्या बापाकडे बघायची छाती नव्हती, एवढंच खरं.

बाबा बरे होऊन घरी आले. शेजारीपाजारी म्हणाले, "लेकानं बापाला यमाच्या दारातून ओढून आणलं." यानंही मान डोलावली, मेल्यानं!

आज बाबांना फिरायला न्यायचं होतं. त्यांच्या बुटाची लेस तुटली होती, म्हणून नवी ओवायला घेऊन तो त्यांच्या पायाशी बसला. त्याच्या हातातली ती पांढरी लेस बघताच बाबांनी मुकाट्यानं दोन्ही मनगटं त्याच्यापुढे धरली.

"जरा सैल बांध हं, बाळा," ते म्हणाले.