टोपली टेकायचा दगड

फरशीवर रेमेईचं नाव कोरून झालं होतं, दोन्ही तारखाही कोरून झाल्या होत्या. फोटोची गोल जागा तेवढी रिकामी ठेवून थडग्यांच्या फरशा कोरणारा फेर्मी तीन आठवडे थांबला होता. चिनीमातीवर फोटो भाजायला त्याला चार दिवस लागत. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, सगळं ओर्ता गाव फुलं घेऊन दफनभूमीत जातं. त्या दिवशी भिंतीत आईची शवपेटी ठेवलेल्या कोनाड्यावर बिनचेहऱ्याची फरशी दिसावी हे अग्नेसला मुळीच मंजूर नव्हतं. गुरुवारी दुपारपर्यंत फोटो पोचवा, नाहीतर माझ्या नावानं बोटं मोडू नका, असा फेर्मीचा निरोप आला होता.

फोटो नव्हते असं नाही. अग्नेसने बापासाठी जेवणाच्या टेबलावर एकोणतीस मांडून ठेवले होते. बाल्दिरी एकेक उचलायचा, बघायचा आणि परत ठेवायचा. लग्नातली मुलगी घाबरलेली होती. ओळखपत्रातली बाई पोलिसांनी दरडावून बसवल्यासारखी. नातवाच्या बाप्तिस्म्याच्या फोटोत लिपस्टिक होती, जी रेमेईने फोटो झाल्याबरोबर रुमालाने पुसून टाकली होती. "ही ती नाही," एवढंच तो म्हणे, आणि अग्नेस ओठ आवळून स्वयंपाकघरात जाई.

एक गोष्ट त्याने लेकीला सांगितली नव्हती. डोळे मिटले की त्याला रेमेईचा चेहरा दिसत नव्हता. मनगट दिसे. साबणाने चिरलेली बोटांची पेरं दिसत. मानेवरचे पांढरे केस, एक कान. सगळं सुटं सुटं. अख्खी बाई काही समोर येत नसे. तिला जाऊन सातच महिने झाले होते. गावातली कुठलीही भिंत बघून ती कोणाच्या हातची हे सांगणारा माणूस, आणि सेहेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोचा चेहरा विसरत चालला होता. त्याला याची लाज वाटत होती.

मंगळवारी सकाळी तेक्ला आली. ती रेमेईची शाळेपासूनची मैत्रीण. १९०९च्या उन्हाळ्यात पिकासो ओर्तात राहून चित्रं काढून गेला, त्या चित्रांच्या नकला टांगलेलं एक दालन गावात आहे. शनिवारी येणाऱ्या पाहुण्यांना ती चित्रं दाखवायचं काम या दोघी करत. आता तेक्ला एकटी होती, आणि पाहुण्यांपुढे बोलायला ती कचरत असे. दालनाच्या उत्तरेच्या भिंतीला ओल आली होती.

"गवंडी आहेस की नुसता पेन्शनर, ते एकदा ठरव," ती दारातूनच म्हणाली.

बाल्दिरी चुना आणि थापी घेऊन गेला.

ओल नेमकी गावच्या पाण्याच्या टाक्याच्या चित्रामागे होती. मूळ चित्र न्यूयॉर्कला आहे, त्याच्यावर जाडजाड पुस्तकं निघाली आहेत. बाल्दिरीने नक्कल खाली उतरवली, समोरच्या खुर्चीवर टेकवली आणि पोपडे खरवडून पहिला हात दिला. तो सुकून आवळेपर्यंत बसून राहायचं होतं, आणि बघायला समोर दुसरं काही नव्हतं.

खाली गावचं पाण्याचं टाकं, वर टेकडीभर घरं. घरं कसली, कोणीतरी खोकी उपडी केलेली. दारं जवळजवळ नाहीतच. एका भिंतीवर ऊन डावीकडून, शेजारच्या भिंतीवर उजवीकडून. घरांपेक्षा पाण्यातलं त्यांचं प्रतिबिंब जास्त शहाणं वाटत होतं. उजवीकडचं एक घर त्याच्या आजोबांचं, असं तो लहानपणापासून ऐकत आला होता. चित्रात त्याची बाजूची भिंत सबंध दिसत होती. टाक्यापासून ती भिंत दिसतच नाही. अठ्ठ्याहत्तर साली ती भिंत त्यानेच पाडून नव्याने बांधली होती, त्याला कोण शिकवणार?

"याला कोंबड्यांचं खुराडं बांधता आलं नसतं," तो म्हणाला.

तेक्ला हसायला लागली. मग तिने सांगितलं की रेमेई प्रत्येक गटापुढे सुरुवात याच वाक्याने करायची. माझा नवरा गवंडी आहे, तो म्हणतो, हे चित्र काढणाऱ्याला खुराडं बांधता आलं नसतं. लोक हसत, आणि मग पहिल्यांदाच चित्राकडे नीट बघू लागत. फ्रेंच, जर्मन, बार्सेलोनाचे मास्तर, सगळे बाल्दिरीला खुराड्यावरून ओळखत होते.

बाल्दिरीने थापी खाली ठेवली. "आणि पुढे काय म्हणायची?"

"पुढे म्हणायची, तो म्हणतो ते बरोबर आहे, पण तो एका जागी उभा राहून बघतो. हे उभ्यानं बघणाऱ्याचं चित्र नव्हे. ओल्या कपड्यांची टोपली घेऊन टाक्यावरून घरापर्यंत चढून या, मग मला सांगा."

"मला नाही कधी म्हणाली."

"पंधरा वर्षं म्हणत होती. तू ऐकत कुठे होतास? तू भिंत ओळंब्यात आहे का तेच बघत होतास."

बुधवारी सकाळी तो टाक्यावर गेला. खिशात ओळंबा होता आणि तेक्लाकडून आणलेलं त्या चित्राचं पोस्टकार्ड. रेमेईचं म्हणणं चूक आहे हे त्याला दाखवायचं होतं. सात महिन्यांत तिच्याशी भांडायला मिळालं नव्हतं, आता निदान तेवढं तरी मिळत होतं.

टाक्याशेजारी कपडे धुवायची जागा होती. तिथून घरांकडे जाणारी पायवाट बायकांची. पुरुष गाडीरस्त्याने जात, तोही आयुष्यभर तसाच गेला होता. टाक्यापाशी उभा राहून त्याने कार्ड आणि गाव ताडून पाहिलं. खालची छपरं जुळली. आजोबांच्या घराची भिंत दिसत नव्हती. "बघ," तो मोठ्याने म्हणाला. टाक्यातल्या बेडकांशिवाय तिथे कोणी नव्हतं.

तरी आलाच आहोत म्हणून तो चढू लागला. पहिल्या वळणावर खालची छपरं पायांखाली गेली आणि त्यांच्या मागून दोन भिंती वर आल्या. त्या कार्डात होत्या. दुसऱ्या वळणावर सांता बार्बराचा डोंगर आडोशाला गेला, आणि चित्रात कललेलं म्हणून तो ज्याला हसत असे ते घर थेट तसंच कललेलं दिसलं. त्याने खिशातून ओळंबा काढला, जरा वेळ हातात धरला आणि परत ठेवून दिला.

तिसऱ्या वळणावर बांधात बसवलेला एक सपाट दगड होता, कमरेएवढ्या उंचीवर. तो दगड त्यानेच बसवला होता. एकाहत्तर साली अग्नेसच्या वेळचे दिवस असताना टोपली टेकायला काहीतरी करून दे, असं रेमेई म्हणाली होती. दोनशे पावलं चालायला राणीसाहेबांना बैठक लागते का, असं म्हणून त्याने कुरकुर केली होती. दगड बसवला आणि नंतर त्या वाटेला तो कधी फिरकला नव्हता. आता दगडाची पुढची कड टोपल्यांनी घासून साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती.

त्याने दगडावर हात ठेवला. मग टोपली उतरवताना बाई जशी कमरेतून वळते तसा तो वळला, आणि आजोबांच्या घराची भिंत सबंध समोर आली. डावीकडून तिच्यावर ऊन होतं. वळचणीखाली खालून टाक्यातल्या पाण्याचा उजेड हलत होता. कार्डाकडे बघायची गरज नव्हती, तरी त्याने बघितलं. चित्र काढणारा कुठेच उभा राहिला नव्हता. पुढचं पाऊल टाकलं म्हणून मागची भिंत त्याने सोडून दिली नव्हती, एवढंच.

बाल्दिरी दगडावर बसला, आणि तेव्हा रेमेई आली. तशीच, सुटी सुटी. कमरेतून वळणारी. दातांत कपड्याचा चिमटा धरून बोलणारी. एकाच डोळ्याने बघणारी, कारण दुसऱ्यावर ओले केस चिकटलेले. मग पुढे चढत गेलेली तिची मान. सांधे भरायचा प्रयत्न त्याने केला नाही. ती रेमेईच होती, यात त्याला शंका उरली नाही. बराच वेळ तो तिथे रडत बसला आणि मग उठून घरी गेला.

टेबलावरच्या फोटोंतून त्याने दोन उचलले. एक ओळखपत्रातला. दुसरा ऑलिव्हच्या मळ्यातला. त्यात रेमेई पाठमोरी चालली होती आणि काहीतरी बोलण्यापुरती मान मागे वळवली होती.

"बाबा, यात तिचा अर्धाच चेहरा आहे," अग्नेस म्हणाली.

"उरलेला दुसऱ्यात आहे."

अग्नेसने मळ्यातला फोटो हातात घेतला. "हा मीच काढलेला. ओरडली होती माझ्यावर. मागून काय काढतेस, मी काय गाढव आहे, म्हणाली." ती हसली, मग तिने नाक पुसलं आणि आपणच फेर्मीला फोन लावला.

फेर्मीचं म्हणणं असं, की आपण तीस वर्षं फरशा करतो, पाठमोरं माणूस कोणी लावलेलं नाही, आणि दोन फोटो लावले तर लोक म्हणतील बाल्दिरीने आत दोन बायका ठेवल्यात. बाल्दिरीने फोन घेतला. "म्हणू देत," तो म्हणाला. "एकीला मी ओळखत होतो. दुसरी कालपरवा कळली."

एक नोव्हेंबरला फरशी जागेवर होती, गोल जागेत दोन्ही फोटो शेजारी शेजारी. लोक येत, शेवंतीची फुलं ठेवत आणि थांबत. एकीने ओळखलं की ही ऑलिव्हच्या हंगामातली चाल. दुसरी म्हणाली, ओळखपत्राच्या रांगेत मीच तिच्या मागे होते, नंबर येईपर्यंत दोन तास नुसती बोलत होती. बाल्दिरी बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याला माहीत नव्हतं असं बरंच निघत होतं.

तेक्लाने बदामाच्या लाडवांचा पुडा त्याच्यापुढे धरला. पुढच्या शनिवारी बारा जण येणार होते, आणि खुराड्याचं कोण सांगणार हा प्रश्न होता.

"मी सांगेन," तो म्हणाला. "पण आधी टाक्यावर न्यायचं. आणि टोपली लागेल, ओल्या कपड्यांची. कोरड्या कपड्यांना वजन नसतं, दगडापाशी माणूस वळणारच नाही."

"आणि कपडे कोण भिजवणार?"

"माझे शर्ट आहेत ना," बाल्दिरी म्हणाला आणि त्याने दुसरा लाडू घेतला.